जुन्या टेलीफोटो लेन्सने धुरकट हवेत चांगले फोटो कसे काढावेत

दूरचा डोंगर डोळ्यांना दिसतो त्याहून फोटोत फिका येतो. त्यात कॅमेऱ्यावर जुनी २०० किंवा ३०० मिमीची लेन्स असेल, तर सगळं चित्रच दुधात बुडवून काढल्यासारखं दिसतं. बहुतेक जण दोष हवेला देतात, काही जण लेन्सला. खरं तर धूसरपणा दोन ठिकाणी असतो: समोरच्या काही किलोमीटर हवेत आणि हातातल्या काचेत. हवेतला आपल्या हातात नाही, काचेतला बराचसा आहे. म्हणून सुरुवात काचेपासून करायची.

पायरी १ : लेन्स तपासा

अंधाऱ्या खोलीत लेन्सची दोन्ही झाकणं काढा, अपर्चर (प्रकाश आत सोडणारं, लहान-मोठं करता येणारं छिद्र) पूर्ण उघडा आणि मागून मोबाईलचा टॉर्च तिरका धरून आत बघा. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या, त्यांनी फोटोत काही बिघडत नाही. काचेवर पातळ साय धरल्यासारखा थर किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे दिसले, तर मात्र काळा रंग कधीच काळा येणार नाही. थर बाहेरच्या काचेवर असेल तर लेन्स पुसण्याचा द्रव आणि मऊ कापड पुरेसं आहे. आत असेल तर लेन्स जाणकार कारागिराकडे द्या. भिंगांमधलं अंतर किंचित जरी बदललं तरी धार जाते, त्यामुळे हौसेने स्वतः उघडू नका.

आता एक साधी चाचणी. उजळ आकाशासमोर दहा-वीस मीटरवरची एखादी गडद वस्तू शोधा, झाडाचं खोड किंवा खांब, आणि तिचा फोटो काढा. एवढ्या अंतरात हवेचा पडदा नगण्य असतो. तरीही ती वस्तू राखाडी आली, तर धूसरपणा लेन्समधला आहे. ही चाचणी मी प्रत्येक जुन्या लेन्सवर आधी करतो. ती केली नाही, तर पुढचे सगळे उपाय अंधारात चाचपडण्यासारखे होतात.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ लेप) नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. सुटी चार भिंगं म्हणजे आठ पृष्ठभाग, म्हणजे पाव भागाहून जास्त प्रकाश सरळ पार होत नाही. त्यातला काही आतल्या आत आपटत सेन्सरवर पोचतो आणि गडद भागांवर पांढुरकी झाक चढवतो. झाईस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये यावर पातळ लेपाचा उपाय शोधला, आणि पुढे पेंटॅक्सने १९७१ मध्ये अनेक थरांचं कोटिंग असलेल्या टाकुमार लेन्स बाजारात आणल्या. निवडीला वाव असेल तर अनेक थरांचं कोटिंग असलेली लेन्स घ्या. एकेरी कोटिंगवालीही टाकाऊ नसते, कारण जुन्या साध्या टेली लेन्समध्ये भिंगं मोजकीच असतात. धुरकट हवेसाठी जुनी झूम मात्र मी टाळतो. तिच्यात भिंगं जास्त, म्हणून परावर्तनंही जास्त.

पायरी २ : अडॅप्टर आणि हूड

जुनी लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर बसवायला मध्ये अडॅप्टर, म्हणजे जोडकडं लागतं. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर काम सोपं आहे. एम४२ (जुन्या, आटे फिरवून बसवायच्या) लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं आणि सोनी ई माउंटचं (सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर लेन्स बसते त्या जागेचं) अंतर १८ मिमी आहे. मधले सुमारे साडेसत्तावीस मिमी अडॅप्टरची पोकळ नळी भरून काढते. निकॉनच्या डीएसएलआरचं (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचं) अंतर ४६.५ मिमी, म्हणजे एम४२ हून जास्त. तिथे साध्या अडॅप्टरने दूरवर फोकसच होत नाही आणि काच असलेला अडॅप्टर लावावा लागतो. ती जास्तीची काच आपल्याला नको असलेलंच काम करते: कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-उजळातला फरक, खाते.

अडॅप्टरमध्ये डोकावून बघा. आतून चकाकत असेल तर मॅट काळा रंग किंवा काळी मखमली पट्टी लावा. जुन्या लेन्स ३६ बाय २४ मिमीच्या फिल्मसाठी बनलेल्या आहेत. सेन्सर लहान असेल तर उरलेला प्रकाश आतच भटकत राहतो, म्हणून ही पट्टी लहान सेन्सरवर जास्त उपयोगी पडते.

हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारी, आडवा प्रकाश अडवणारी नळी) लावाच, आणि चांगला लांब लावा. टेली लेन्सचा कोन अरुंद असल्याने फोटोचे कोपरे सहसा कापले जात नाहीत. हूड नसेल तर काळ्या कार्डाची नळी करून चढवा.

एम४२ लेन्सवर ऑटो-मॅन्युअल बटण असेल तर ते मॅन्युअलवर ठेवा, नाहीतर काही अडॅप्टरवर अपर्चर बंदच होत नाही. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा. सेन्सर स्थिर करणारी सोय असेल तर लेन्सची फोकल लेंथ हाताने भरा.

पायरी ३ : हवा ओळखा

अगदी बारीक कणांमुळे येणारा निळसर धूसरपणा आणि पांढरं दाट धुकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारीक कण निळा प्रकाश लालपेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. ४५० आणि ६५० नॅनोमीटरची तुलना केली तर चौपटीहून जास्त. म्हणून डोंगर निळसर दिसत असतील तर काम होण्याजोगं आहे. अशा वेळी फोटोचा फक्त लाल चॅनेल घेऊन कृष्णधवल केलं, तर दूरच्या कडा आश्चर्य वाटावं इतक्या उमटतात. धुक्यातले थेंब मोठे असतात आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. तिथे फिल्टरचा उपयोग नाही, वाट बघणंच बरं.

सूर्य समोर असताना पडदा सर्वांत दाट दिसतो, कारण हवेतले कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतात. सूर्य बाजूला, साधारण काटकोनात असेल तर पोलरायझर (ठरावीक दिशेने कंपणारा प्रकाश अडवणारा फिल्टर) फिरवून बघा. बारीक कणांच्या धूसरपणात तो खरंच काम करतो. त्या बदल्यात एक-दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). यूव्ही (अतिनील प्रकाश अडवणारा) फिल्टर यासाठी विकत घेऊ नका. डिजिटल सेन्सरसमोरची काच अतिनील प्रकाश आधीच अडवते.

पाऊस पडून गेल्यावरचे तास सर्वांत चांगले. आणि तापलेल्या जमिनीवरून थरथरणारी हवा हा धूसरपणापेक्षा वेगळा त्रास आहे. त्यावर कोणताही फिल्टर नाही. सकाळी लवकर जा.

पायरी ४ : फोकस, अपर्चर, शटर

धूसर दृश्यात फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा पडद्यावर रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर) विसंबू नका. त्याला रंगवायला ठळक कडाच मिळत नाहीत. चित्र पडद्यावर मोठं करा, एखादा मनोरा किंवा आकाशासमोरची झाडांची रेघ शोधा आणि रिंग सावकाश पुढेमागे करा. रिंग अनंताच्या टोकाला टेकवून मोकळं होऊ नका. बरेच अडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड बनवतात, त्यामुळे लेन्स अनंताच्या पलीकडे फिरते.

अपर्चर एफ/५.६ ते एफ/८. पूर्ण उघड्या अपर्चरला बऱ्याच जुन्या लेन्स मऊ पडतात आणि कडांना जांभळी-हिरवी किनार येते. एफ/१६ च्या पुढे विवर्तनाने, म्हणजे लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने, धार जाते. लेन्सला ट्रायपॉडची कडी असेल तर ट्रायपॉडवर कॅमेरा नको, लेन्सच बसवा. हवा थरथरत असेल तर १/५०० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवून आठ-दहा फ्रेम घ्या आणि त्यातली सर्वांत स्पष्ट ठेवा.

पायरी ५ : एक्स्पोजर

रॉ फॉरमॅटमध्येच (सेन्सरची कच्ची माहिती जपणाऱ्या फाईलमध्ये) काढा. धूसर दृश्याच्या हिस्टोग्राममध्ये, म्हणजे गडद ते उजळ छटांच्या आलेखात, मधोमध एक अरुंद ढीग असतो. आयएसओ (प्रकाशाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) कमीत कमी ठेवून एक्स्पोजर वाढवा आणि उजळ भाग जळण्याच्या आत जितका उजवीकडे नेता येईल तितका तो ढीग न्या. हा ढीग पुढे आपण ताणणार आहोत. ताणताना नॉइजही (फोटोतले दाणेही) ताणला जातो, म्हणून सेन्सरवर प्रकाश भरपूर पडलेला हवा.

पायरी ६ : संगणकावर

लेन्समधली झाक साधारण सगळ्या फ्रेमवर पसरलेली असते. ती काढायला काळा बिंदू (ज्या छटेपासून खाली सगळं पूर्ण काळं धरायचं ती) वर आणणं पुरतं. हवेतला पडदा अंतराबरोबर दाट होत जातो, त्यामुळे सगळ्या चित्राला एकच माप लावलं की जवळची झाडं काळी ठिक्कर पडतात आणि डोंगर तरीही फिकाच राहतो. म्हणून आधी काळा बिंदू, मग मास्क लावून (ठरावीक भाग निवडून) फक्त दूरच्या भागावर डीहेझ (धूसरपणा कमी करणारी संगणकी सोय).

डीहेझची एक मर्यादा लक्षात ठेवा. २००९ मध्ये मांडलेली एक गाजलेली पद्धत असं गृहीत धरते की स्वच्छ हवेत चित्राच्या जवळपास प्रत्येक लहान तुकड्यात एखादा रंग तरी अगदी गडद असतो. आकाश, बर्फ किंवा पांढऱ्या भिंती यांना हे लागू होत नाही, म्हणून अशा पद्धतीने आकाशावर डाग आणि डोंगराच्या कडेला उजळ वलय येऊ शकतं. आकाश मास्कमधून वगळा. शेवटी दूरच्या भागातला निळा थोडा कमी करा, पण पूर्ण काढू नका, नाहीतर मागचा डोंगर पुढच्याला चिकटून बसेल.