दोऱ्याचा टेलिफोन: खरं काम ताणाचं

दोऱ्याच्या टेलिफोनवर पलीकडचं ऐकू येत नसेल, तर आधी ताण तपासा. दोरा ओढता येतो, ढकलता येत नाही. बोलताना पेल्याचं बुड थरथरतं. ते बाहेर फुगलं की दोऱ्यावरचा ताण जरा कमी होतो, आत आलं की वाढतो. ही कमी-जास्त लाट होऊन पलीकडच्या बुडाला हलवते. दोरा मुळातच सैल असेल तर कमी व्हायला ताणच नसतो.

२००–२५० मिलीचे दोन कागदी पेले घ्या. टपरीवरचा कटिंगचा कप नको, त्याचं बुड फार लहान. दोऱ्यासाठी मासेमारीचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, उत्तम. तापीकाठच्या गावांत सहज मिळतो. जाडी ०.३ ते ०.५ मिमी, लांबी १०–१५ मीटर. सुतळी जड आणि केसाळ, तिच्यात आवाज जिरतो. नायलॉन मांजा मात्र वापरूच नका, त्यावर बंदी आहे आणि तो गळाही कापतो.

बुडाच्या बरोबर मध्यभागी सुईनं भोक पाडा. खिळ्याचं भोक मोठं होतं, गाठ निसटते. तंगूस आत ओवून काडेपेटीच्या काडीच्या दीड सेंमी तुकड्याला बांधा. तंगूस गुळगुळीत असतो, म्हणून तीनदा गाठ मारा. काडीमुळे ओढ पसरते आणि कागद फाटत नाही. पेला काठाकडे धरा. बोटं बुडाला टेकली की थरथर तिथेच मरते.

जागा मोकळी हवी. केळीच्या बागेत पानं दोऱ्याला लागतात, त्यापेक्षा कपाशीचा बांध बरा. वळण घ्यायचंच असेल, तर कोपऱ्यावर दोऱ्याचा वीतभर फास टांगून त्यातून तंगूस न्या. भिंतीला घासला तर आवाज भिंतीत जातो. खानदेशातल्या उन्हाळ्यात हे सकाळीच करा: दुपारच्या वाऱ्यानं दोरा स्वतःच गुणगुणू लागतो. नायलॉन ताणून ठेवला की हळूहळू लांबतो, म्हणून थोड्या थोड्या वेळानं एक पाऊल मागे सरका.

हवेत आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर. जळगावचा पारा ४४ वर गेला की सुमारे ३५७. पोलादी तारेत तो ५,००० च्या आसपास असतो. पण आवाज मोठा येतो तो वेगामुळे नव्हे. हवेत तो चहूकडे पसरून विरतो, दोऱ्यात त्याला एकच वाट असते. खात्री करायची तर पलीकडचा बोलत असताना दोरा मध्येच चिमटीत धरा: आवाज तुटेल.