दमा आहे, लस घेतली. आता इन्हेलरचं काय?

लस घेतल्यावर दोन दिवस पंप बंद ठेवावा, नाहीतर लसीचा गुण येत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नाही. श्वासनळीची सूज आटोक्यात ठेवणारा रोजचा स्टिरॉइड इन्हेलर त्या दिवशीही नेहमीच्या वेळीच घ्या. तो घेऊन झाल्यावर चूळ भरायची, तीही नेहमीसारखीच. स्टिरॉइडच्या गोळ्यांचं मात्र वेगळं आहे. त्या चालू असतील किंवा नुकत्याच संपल्या असतील तर आधीच सांगा. काही जिवंत लसी (ज्यांत कमजोर केलेले जिवंत जंतू असतात) त्यामुळे पुढे ढकलाव्या लागतात.

निघताना तातडीचा, म्हणजे साल्ब्युटामॉलचा इन्हेलर सोबत घ्या. त्याची मुदत आणि त्यात औषध किती उरलंय तेही पाहा. मुळातच धाप लागलेली असेल तर टोचून घेण्याआधी बोला.

लस घेतल्यावर निदान १५ मिनिटं तिथेच बसा. पूर्वी तीव्र ॲलर्जी झाली असेल तर ३०. या वेळात छाती भरून आली तर आधी कर्मचाऱ्यांना हाक मारा आणि स्वतःकडे नीट पाहा. अंगावर गांधी, ओठ किंवा जीभ सुजणं, चक्कर, उलटी यांपैकी काही सोबत असेल तर हा नुसता दमा नाही, तीव्र ॲलर्जी असू शकते. तिच्यावर पहिलं औषध म्हणजे मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन. पंपाने घरघर थोडी कमी होईल, पण घसरणारा रक्तदाब सावरणार नाही. पंप मारून ‘बघू, उतरेल’ म्हणत बसणं हाच इथला खरा धोका.

फक्त दमाच असेल तर ताठ बसा. इन्हेलर हलवा, श्वास सोडा, तोंडाचा भाग ओठांत घट्ट धरा. हळूहळू श्वास घ्यायला लागलात की डबी दाबा आणि जमेल तसा, १० सेकंदांपर्यंत, श्वास रोखा. पुढचा पफ अर्ध्या-एक मिनिटाने. स्पेसर, म्हणजे इन्हेलरला जोडायची पोकळ नळी, असेल तर तोच वापरा, घाबरलेल्या माणसाला दाबण्याचा आणि ओढण्याचा मेळ जमत नाही. पावडरचा इन्हेलर मात्र जोरात, खोल ओढायचा. हात थरथरले, धडधडलं तर ते बहुधा साल्ब्युटामॉलमुळे. लगेच लसीला दोष नको.

घरी एक-दोन दिवस ताप, अंगदुखी चालते. पॅरासिटामॉल घ्या, अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने काहींचा दमा उसळतो. पंपाचा आराम चार तासही टिकत नसेल, बोलताना वाक्य तुटत असेल, तर थेट रुग्णालय गाठा.