पेट्रोल पंपाखालची गळती शोधायला निघण्यापूर्वी

बोअरची गाडी ठरवण्याआधी पंपाच्या ऑफिसात दोनेक तास मोकळे ठेवा. वर्षभराचे डिपचे (टाकीत काठी बुडवून मोजलेल्या तेलाच्या पातळीचे) रजिस्टर, टँकरची चलने आणि नोझलवरची विक्री मागून घ्या आणि टाकीनिहाय रोजची तूट मांडा. एका दिवसाच्या तुटीवरून काही कळत नाही. 20,000 लिटर पेट्रोल 5 अंशांनी गार झाले, की शंभरेक लिटर नुसते आकसते. तूट महिनोन्महिने एकाच बाजूला झुकत असेल तर मात्र लक्ष द्या. विक्रीबरोबर वाढणारी तूट पाइपलाइनकडे बोट दाखवते. पंप बंद असतानाही डिप उतरत असेल तर संशय टाकीवर. पावसाळ्यात टाकीत पाणी चढल्याची नोंद सापडली तर ती सोडू नका, कारण जे भोक तेव्हा भूजल आत घेते तेच उन्हाळ्यात तेल बाहेर सोडते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये थोडे पाणी विरघळून जाते, म्हणून वॉटर पेस्ट (डिपच्या काठीला लावायचा, पाणी दाखवणारा लेप) त्या पेट्रोलला चालणारीच हवी. पेसोचा (पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचा) मंजूर नकाशा घ्या, पण त्यावर भिस्त नको. जुन्या पंपावर बुजवून टाकलेली टाकी नकाशात नसते, सर्वांत जुन्या कामगाराला ठाऊक असते.

पुढचा दिवस विहिरींचा. अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी, बोअर, हातपंप वहीत उतरवा: खोली, पाण्याची पातळी, केसिंग किती फूट, पाणी पितात की शेताला देतात, वास कधीपासून येतो. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात हे काम टाळून चालत नाही. तीन बोअरच्या पातळ्या जोडून प्रवाहाची दिशा काढण्याची पद्धत गाळाच्या जमिनीत ठीक. बेसाल्टमध्ये पाणी सांधे आणि भेगा धरून जाते, गेरूच्या थरावर अडून आडवे सरकते. त्यामुळे पंपाशेजारची विहीर स्वच्छ आणि तीनशे मीटरवरची वास मारणारी, असे होऊ शकते, विशेषतः तिथे दिवसभर मोटर चालत असेल तर. जवळपास खाण किंवा न बांधलेली विहीर असेल तर सांध्यांची दिशा कंपासने मोजा. मात्र विहिरीत कुणालाही उतरवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते, आणि हवेत दीड टक्क्याच्याही आत पेटू शकते. गॅसमीटर स्फोट-मर्यादेच्या (ज्या प्रमाणापासून वाफ पेटू शकते त्याच्या) 10 टक्क्यांवर गेला की काम थांबवून सगळ्यांनी मागे व्हायचे.

निरीक्षण बोअरची जाळी, म्हणजे पाणी आत घेणारा भोकांचा पाइप, कुठे बसवायची, हे मे महिन्याच्या आणि पावसाळ्यानंतरच्या पातळीवरून ठरवा. जाळी दोन्ही पातळ्या कवेत घेणारी हवी. पेट्रोल पाण्यावर तरंगते. जाळी पाण्याखाली बुडाली तर तवंग वरच्या बिनभोकाच्या पाइपाच्या बाहेर राहतो आणि बोअर ‘स्वच्छ’ ठरते. आमच्या मते सर्वाधिक फसवे अहवाल याच चुकीतून येतात. पहिले दीड मीटर पहारीने हातानेच खणा, खाली केबल आणि तेलाच्या लाइनी असतात. मातीचे नमुने मुरूम लागेपर्यंत ऑगरने (माती काढायच्या गिरमिटाने) काढून घ्या. दाबाच्या हवेवर चालणाऱ्या हॅमरच्या गाडीची हवा वाफ उडवून लावते आणि कॉम्प्रेसरचे तेल भोकात सोडते, म्हणून बोअर झाल्यावर पाणी उपसून आठवडाभर थांबा. पीव्हीसी पाइप आट्यांचे घ्या. जोडाला सोल्युशन लावले तर त्यातले सॉल्व्हंट प्रयोगशाळेला दिसतात.

मातीतली तेलाची वाफ मोजणाऱ्या पीआयडी मीटरचा दिवा 10.6 इलेक्ट्रॉनव्होल्टचा हवा आणि सकाळीच आयसोब्युटिलीनवर तपासलेला. दमट हवेत तो चुकतो आणि डिझेल फारसे दाखवत नाही, तेव्हा डिझेलच्या टाकीजवळ शून्य आले म्हणून खूश होऊ नका.

प्रयोगशाळेशी आधी बोला. बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलीन, नॅफ्थलीन, एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एक रसायन), एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन आणि इथेनॉल हवेच. जंतू इथेनॉल आधी खातात, त्यात ऑक्सिजन संपतो आणि बेंझिन लांबवर जाते. पंप 2000 पूर्वीचा असेल तर शिसेही पाहा. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली बेंझिनची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. प्रयोगशाळेचे यंत्र 50 च्या खालचे पाहतच नसेल तर ‘आढळले नाही’ या शेऱ्याला किंमत नाही.

पाण्यासाठी 40 मिलीच्या काचेच्या कुप्या, दर ठिकाणी तीन. नमुना उपसणाऱ्या पंपाचा वेग मिनिटाला 100 ते 500 मिली. पीएच आणि विद्युतवाहकता स्थिर झाल्यावरच भरा. कुपी कडेने हळू भरा, वर पाण्याचा फुगीर घुमट येऊ द्या, मग टोपी फिरवा, उलटी करून बोटाने टिचकी मारा. एक बुडबुडा वर सरकला तरी ती कुपी बाद. आधीच हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेल्या कुपीत क्षारयुक्त पाणी फसफसते. तसे झाले तर आम्लाविना नमुना घ्या आणि 14 नव्हे, 7 दिवसांत तपासून घ्या. दर दहा नमुन्यांमागे एक दुबार, आणि वाटेत काही शिरले का ते कळायला प्रयोगशाळेतून भरून आलेली एक न उघडलेली कुपी प्रत्येक बर्फाच्या पेटीत.

पेट्रोलवरचा जनरेटर आणि कुप्या एकाच गाडीत नेऊ नका. जनरेटर भरणाऱ्याने नमुन्याला हात लावायचा नाही. लेबल पेन्सिलीने लिहा. मार्करच्या शाईत झायलीन असू शकते.