पुशरॉड ट्यूबची गळती: जुन्या एअर-कूल्ड कॉम्बीसाठी

मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाट चढला आणि जुन्या फोक्सवॅगन कॉम्बी व्हॅनच्या हीटरमधून जळक्या ऑइलचा वास आला, तर संशय आधी पुशरॉड ट्यूबच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या ज्या नळ्यांतून जातात त्यांच्या) सीलवर घ्यावा. टाइप वन (१६०० सीसीपर्यंतच्या) इंजिनात सिलिंडरखाली अशा ८ ट्यूब असतात, म्हणजे १६ सील. रॉकरकडे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या हातांकडे) गेलेलं ऑइल यांतूनच क्रँककेसमध्ये परत उतरतं. खाली हीटर बॉक्स तापलेले, त्यामुळे रबर कडक होतं. मग डिसेंबरच्या गारठ्यात, इंजिन थंड असतानाही थेंब पडू लागतात.

पण आधी खात्री करा. रॉकर कव्हरचं गॅस्केट गळलं तरी ऑइल त्याच ट्यूबवर ओघळतं. इंजिनचा खालचा भाग डिझेल आणि ब्रशने धुऊन कोरडा करा, टाल्कम पावडर मारा, २० मिनिटं चालवा. सगळ्यात वरचा ओला ठिपका हेच गळतीचं मूळ. आयडलला ऑइल भरायचं झाकण काढून पाहा: जोरात फुंकर येत असेल तर ब्रीदर पाइप (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी) तुंबलाय किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तो दाब कमी केल्याशिवाय नवे सीलही टिकणार नाहीत.

मूळ ट्यूब दोन्ही टोकांना भात्यासारखी घडीची असते आणि सिलिंडर हेड व क्रँककेस यांच्यात दाबून बसते, म्हणून ती बदलायला हेड काढावं लागतं. निव्वळ एका सीलसाठी हेड उघडू नये. स्प्रिंगवाल्या, लांबी कमी-जास्त होणाऱ्या ट्यूब मिळतात, त्या वापरा. (१७०० ते २००० सीसीच्या टाइप फोरमध्ये ट्यूब हेडमधूनच बाहेर येते, तिथे फक्त सील बदलले की झालं.)

इंजिन पूर्ण थंड हवं. मागचा भाग उचलून स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नाही. कव्हर काढा, रॉकर शाफ्टचे दोन्ही नट आळीपाळीने सैल करा. पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून त्याच क्रमाने खोचून ठेवा. जुनी ट्यूब पक्कडीने चेपून ओढून काढा. ग्राइंडर किंवा हॅक्सॉ लावू नका, कीस थेट क्रँककेसमध्ये जातो. हात पोहोचत नसेल तर हीटर बॉक्स उतरवावा लागेल. त्याचे गंजलेले नट आदल्या रात्री भिजवून ठेवलेले बरे, नाहीतर स्टड तुटतो आणि काम सातपूरच्या मशीन शॉपपर्यंत जातं.

बसायच्या जागा चिंधीने कोरड्या करा. सील व्हायटॉन किंवा सिलिकॉनचेच हवेत; हार्डवेअरच्या दुकानातली साधी ओ-रिंग त्या उष्णतेत टिकत नाही. सीलंटचा लगदा लावू नका, पृष्ठभाग स्वच्छ असेल तर गरज पडत नाही. ट्यूब दाबून जागेवर आणा, सोडा, दोन्ही सील सरळ बसलेत का ते बोटाने फिरवून पाहा.

पुशरॉड टॅपेटच्या (त्याला खालून ढकलणाऱ्या भागाच्या) खोलगटात बसल्याची खात्री करूनच रॉकर लावा. नट साधारण २४ न्यूटन-मीटरला. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनवर ०.१५ मिमी: एक नंबर सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणून सुरुवात करा, मग पुली घड्याळाच्या उलट दिशेने प्रत्येक वेळी १८० अंश फिरवत २, ३, ४ असा क्रम घ्या.

हेड काढलेलंच असेल तर मात्र मूळ पत्र्याच्या ट्यूबच बसवा, त्यांत जोड कमी. १६०० सीसीसाठी प्रत्येक ट्यूब हाताने हळूहळू ताणून १९० ते १९१ मिमी करा. घडीवर चीर दिसली तर ती फेका. पत्र्याचा जोड वरच्या बाजूला ठेवा, खाली ठेवला तर पुढे तिथूनच गळतं. हेडचे नट १० मिमी स्टडला ३२, ८ मिमीला २५ न्यूटन-मीटर, एकदम नाही, टप्प्याटप्प्याने.

ऑइल सांडलं असेल तेवढं भरा (एकूण २.५ लिटर), पावडर पुन्हा मारा आणि त्र्यंबक रोडला एक फेरी मारून पाहा.