सिरिंजचा गारवा उतरला आणि आकडा चढला

परळच्या एका आयसीयूतली मे महिन्यातली रात्रपाळी. थर्मोडायल्यूशनने, म्हणजे गार सलाइन रक्तात सोडून रक्त किती गार होतं ते मोजून, कार्डियाक आउटपुट (हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं) घेत होते. पहिलं रीडिंग मिनिटाला ४.१ लिटर, मग ४.८, मग ५.६. पेशंटचे हातपाय मात्र गार, लघवी कमी, म्हणजे प्रवाह कमीच असणार. आकडा पटेचना.

हृदयात गेलेली नळी, म्हणजे कॅथेटर पाहिला, मशीनमध्ये भरलेला हिशोबाचा स्थिरांक, म्हणजे कॉन्स्टंट पाहिला, दोन्ही बरोबर. मग ट्रेकडे लक्ष गेलं. बर्फाच्या पाण्यातून तिन्ही सिरिंज मी एकदमच काढल्या होत्या, तिसरीखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं. सलाइनचं तापमान मशीनला सांगणारा प्रोब मात्र बर्फातच! मशीन सलाइन शून्य अंशाजवळ धरून चाललेलं, आणि आत जात होतं गारवा उतरलेलं. गारवा कमी पडला की रक्ताचं तापमान उतरून परत चढल्याच्या वक्राखालचं क्षेत्रफळ आक्रसतं, आणि त्यानेच भागून प्रवाह निघत असल्याने तो खोटा वाढतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्ट्यूअर्टने १८९७ मध्ये मिठाचं पाणी वापरून मांडलेलं तत्त्व हेच.

आता एकेकच सिरिंज काढते, मुठीत न धरता कडांना धरते. श्वास सोडून झाला की १० मिली चार सेकंदांच्या आत, एकसारख्या जोराने.

नवी रीडिंगं ३.९, ४.०, ४.१ आली. डॉक्टरांना लगेच उठवलं. औषध त्या आकड्यांवर ठरलं.