ओहोटी पाहून तारीख ठरवा: पणजीच्या खारफुटीत चित्रसकाळ कशी भरवावी

पणजीच्या पाटो भागात, कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, रुआ द ओरेमच्या खाडीकाठी खारफुटी उभी आहे आणि तिच्यातून बोर्डवॉक जातो. वीस-पंचवीस माणसांनी सकाळी दोन-अडीच तास बसून इथे चित्रे काढावीत, झाडे-पक्षी ओळखावेत आणि शेवटी ती चित्रे एकत्र पाहावीत, अशा कार्यक्रमाला खर्च फार लागत नाही. तयारी मात्र नीट लागते, आणि तिची सुरुवात पंचांगापासून करावी.

बहुतेक कार्यक्रमांची तारीख पाहुण्यांच्या सोयीने ठरते. इथे ती खाडीच्या पाण्याने ठरवायची. भरतीच्या वेळी तिवराच्या झाडाची श्वासमुळे, चिखलातले खेकडे, चिखलावर उड्या मारणारे निवटे हे सगळे पाण्याखाली असते आणि समोर फक्त हिरवी भिंत दिसते. तिचे चित्र काढताना नवखा माणूस दहा मिनिटांत कंटाळतो. सुकतीला मुळे उघडी पडतात, बगळे आणि वंचक चिखलात उतरतात, आणि काय काढू असा प्रश्नच उरत नाही.

ढोबळ हिशेब असा. अमावास्या-पौर्णिमेला पणजीत भरती साधारण सकाळी अकराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या आसपास. ही वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून शुद्ध किंवा वद्य चतुर्थी-पंचमीला ओहोटी सकाळी आठ-नऊच्या दरम्यान सापडते आणि साडेसात ते दहा चिखल उघडा मिळतो. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते. ते फारसे उतरतही नाही आणि चढतही नाही, त्यामुळे ते दिवस टाळावेत. एवढ्यावरून रविवार निवडा आणि मग मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता उघडून नक्की वेळ पाहा. तक्त्यात वेळेबरोबर उंचीही दिलेली असते. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. सकाळच्या ओहोटीचा आकडा जितका लहान, तितका चिखल जास्त उघडा. खाडीच्या आत पाणी बंदरापेक्षा थोडे उशिरा फिरते, तेव्हा आधीच्या आठवड्यात एकदा जाऊन तक्त्यातली वेळ आणि प्रत्यक्षातले पाणी यांतला फरक टिपून ठेवा. त्याच फेरीत बोर्डवॉक उघडा आहे का, फळ्या-कठडे शाबूत आहेत का, साडेआठला सावली कुठे पडते आणि जवळचे स्वच्छतागृह किती वाजता उघडते, हेही पाहून घ्या.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा स्थलांतरित पक्षी आलेले असतात आणि साडेनऊपर्यंत ऊन सोसवते. मार्चनंतर वेळ अर्ध्या तासाने अलीकडे घ्यावी लागते.

माणसे चोवीस, आठ-आठांचे तीन गट, प्रत्येक गटाला एक वाटाड्या. या आकड्याला कारण आहे. बोर्डवॉक अरुंद असतो. त्यावर लोक बसले की चालणाऱ्यांची वाट अडते, आणि आठाहून मोठा गट झाला की मागच्याला पुढच्याचे बोलणे ऐकू येत नाही. मग वाटाड्या आवाज चढवतो आणि पक्षी उडून जातात. तीन वाटाड्यांपैकी एक चित्रकार, एक झाडे-पक्षी ओळखणारा आणि एक निव्वळ व्यवस्था पाहणारा असावा. चित्रकार आणि निसर्ग जाणणारा दर अर्ध्या तासाने गट बदलतात. पाणी, वेळ, हरवलेली पेन्सिल, रडणारे मूल हे सगळे तिसऱ्याकडे. हा तिसरा माणूस नसेल तर उरलेले दोघे दिवसभर तेच करत बसतात. दहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाबरोबर घरचे एक मोठे माणूस हवेच. नाव दिलेले काहीजण रविवारी उठत नाहीत, म्हणून अठ्ठावीस नावे घ्यायला हरकत नाही; सगळे आले तर व्यवस्थेवाल्याने चौघांना आपल्याजवळ घ्यावे.

परवानगीचे काम महिनाभर आधी सुरू करा. बोर्डवॉकची देखभाल सध्या ज्या कार्यालयाकडे आहे तिथे, आणि दोरी, टेबल किंवा फलक सार्वजनिक जागेत लावणार असाल तर पणजी महानगरपालिकेत, असे पत्र द्या. पत्रात तारीख, वेळ, माणसांची संख्या, नकाशावर दाखवलेली जागा, ध्वनिवर्धक नाही, विक्री नाही, कचरा आम्ही उचलून नेऊ, आणि जबाबदार व्यक्तीचा फोन एवढे असावे. पोचपावती घ्या आणि तिची प्रत त्या दिवशी खिशात ठेवा. कार्यक्रम चोडण बेटावरच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात न्यायचा असेल तर वनखात्याची परवानगी लागते. ते 1988 साली घोषित झालेले, जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. पहिल्या खेपेला तिथे जाऊ नये. बसण्याच्या जागा कमी आणि कोणाला मध्येच घरी जायचे झाले तर फेरीबोट गाठावी लागते. रायबंदरचा जुना बांध, 1633-34 साली पोर्तुगिजांनी बांधलेला, दिसायला सुंदर आहे, पण रहदारीच्या रस्त्याकडेला गट बसवणे धोक्याचे.

निमंत्रण मराठीत आणि कोकणीत, दोन्ही. मजकूर छोटा, पण पुढच्या गोष्टी त्यात आल्याच पाहिजेत: «रविवारी सकाळी 7.15 ला पाटोला जमू, 7.30 ला निघू. पाणी थांबत नाही, म्हणून आपणही थांबणार नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, पाण्याची बाटली, स्वतःचा कप आणा. चित्र येत नसले तरी या. कागद-रंग आम्ही देऊ.» म्हापसा, फोंडा, मडगावहून येणाऱ्यांसाठी रविवारची पहिली बस किती वाजता सुटते ते बसस्थानकावर विचारून त्याच निरोपात लिहा, रविवारचे वेळापत्रक गृहीत धरू नका.

साहित्य माणशी असे: 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा कागद, ए-पाच आकाराचे तीन तुकडे, त्याच मापाहून जरा मोठा जाड पुठ्ठा आणि दोन चिमटे, 2बी पेन्सिल, पाण्याने न फिसकटणारे काळे पेन, 8 नंबरचा एक गोल ब्रश, झाकणाची छोटी बाटली आणि जुन्या सुती कपड्याचा तुकडा. पातळ कागद घेऊन पैसे वाचवू नका. खाडीवरच्या दमट हवेत तो आधीच मऊ झालेला असतो, पेन्सिलीने त्यावर चर पडतात आणि पहिल्याच ओल्या थराला तो पोळीसारखा फुगतो. कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून न्या आणि बसल्यावरच बाहेर काढा.

रंग फक्त तीन: लेमन यलो, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना. पेटीतला तयार हिरवा मुद्दाम काढून ठेवा. तो खारफुटीला शोभत नाही, आणि तो हाताशी असला की सगळ्यांची झाडे एकाच रंगाची होतात. पिवळ्यात थोडा निळा आणि टोकाएवढा सिएना घातला की पानांचा मळकट हिरवा मिळतो. निळा आणि सिएना यांचे प्रमाण बदलत गेले की चिखलाचे सगळे करडे-तपकिरी. तिवराच्या पानाची खालची बाजू फिकी, रुपेरी असते. ती रंगाने काढायची नाही, कागद तसाच सोडायचा.

आता प्रत्यक्ष सकाळ. पहिली दहा मिनिटे कोणी काही काढायचे नाही, बोलायचेही नाही, फक्त पाहायचे. मुलांना हे जमते. अवघड मोठ्यांना जाते, म्हणून घड्याळ लावा. त्यानंतर पाच झटपट रेखाटने, प्रत्येकी एक मिनिट, सगळी पहिल्याच कागदावर. खेकडा, बगळा, पाण्यावरची ओळ, काहीही. ती वाईट होणारच, आणि पहिला कागद असा खर्ची पडला की हात मोकळा होतो.

मग वीस मिनिटे मुळांची. कांदळाची मुळे खोडापासून कमानीसारखी चिखलात उतरतात. नवखा माणूस एकेक मूळ काढत सुटतो आणि चौथ्या मुळाशी गुंता होतो. त्याला सांगा, मुळे काढू नको, दोन मुळांमधली मोकळी जागा काढ. त्या जागांचे आकार एकमेकांशेजारी बरोबर बसले की मुळे आपोआप उभी राहतात. खारफुटी काढायची ही सर्वांत उपयोगी युक्ती आहे. हे वीस मिनिटांचे काम कधीच वगळू नका.

याच वेळात निसर्ग जाणणाऱ्याने बोलावे, पण थोडे. तिवर आपल्या पानांवरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतो. कोरड्या सकाळी पानावर ते बोटाला लागते. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली त्याची मुळे हवेतला प्राणवायू घेतात, कारण चिखलात तो नसल्यासारखाच असतो. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि लांब हिरव्या शेंगेसारखे लोंबते. अशी एकेक गोष्ट, समोर बोट दाखवून. हुऱ्याचे झाड दिसले तर आधी इशारा द्यावा: त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. तसेही कुठलेच पान तोडायचे नाही. खारफुटीला किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांचे संरक्षण आहे, आणि चोवीस जणांनी एकेक पान घेतले तर ते झाडावर दिसते.

उरलेली चाळीस मिनिटे मुख्य चित्राला. आधी पेनाने रेषा, मग रंग. दमट सकाळी ओला थर वाळायला वेळ लागतो. घाईने वर दुसरा थर दिला की चिखल आणि पान यांचा एकच राडा होतो. पहिला थर लावून चित्र उन्हाच्या तुकड्यात ठेवावे आणि तेवढ्यात शेजाऱ्याचे पाहावे. डासांचे मलम बसण्याआधीच लावून हात कपड्याला पुसायला सांगा. तेलकट बोट कागदाला लागले की तिथे जलरंग धरतच नाही आणि पांढरे ठिपके राहतात. कोपऱ्यात तारीख, वेळ आणि पाणी चढते की उतरते हे प्रत्येकाने लिहावे. फोनवर फोटो घेऊन त्यावरून काढणे मात्र प्रेमाने थांबवा.

ब्रश धुतलेले पाणी खाडीत जाऊ देऊ नका. काही रंगद्रव्यांत जड धातू असतात. पाच लिटरचा झाकणाचा कॅन सगळ्यांत फिरवा, घरी नेऊन शौचालयात ओता. पावसाळी गटारात ओतले तर ते शेवटी खाडीतच येते.

साडेनऊला आवरून सावलीत या. जवळच पाटोला संस्कृती भवन आणि कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. आवारात बसायची सोय हवी असेल तर आधी लेखी विचारा. प्रदर्शनासाठी दहा मीटरची दोरी पुरते. आडवा ए-पाच कागद 21 सेंटिमीटर, मध्ये दहा सेंटिमीटर जागा, असे चोवीस कागद साडेसात मीटरांत बसतात. कागदाला दोन चिमटे, म्हणजे पन्नास घ्या. एका चिमट्यावर लावलेली चित्रे वारा सुटला की उलटी होतात. दोरी खांबाला किंवा रेलिंगला बांधा, झाडाला बांधू नका.

चहा आणि भाजी-पाव इथेच. पोदेराला (पाववाल्याला) आदल्या दिवशी साठ पाव सांगून ठेवा, भाजी सुकी ठेवा म्हणजे चित्रांवर सांडत नाही. भाषण ठेवू नका, दीपप्रज्वलन नको, बक्षीस तर नकोच. बक्षीस आले की पुढच्या वेळी मुले पालकांच्या पसंतीचे चित्र घरून पाठ करून येतात आणि समोरच्या खेकड्याकडे कोणी पाहत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने दुसऱ्याच्या चित्रातली आपण पाहिली नव्हती अशी एक गोष्ट सांगावी. पंधरा मिनिटांत होते.

पावसाळ्यात हा कार्यक्रम बंद ठेवून गणेशचतुर्थीआधी लोकांना पणजीच्या बाजारात माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या छताच्या, सामानाची चित्रे काढायला न्यावे: आंबाडे, कवंडळ, चिबूड, सुपारीचे घड. मात्र तिथे सहाहून जास्त माणसे नकोत, आदल्या दिवशीची गर्दी टाळावी, आणि जिच्यासमोर बसायचे त्या विक्रेतीकडून आधी काहीतरी विकत घेऊन, विचारूनच वही उघडावी.

कार्यक्रमानंतर चित्रे मूळ मालकाकडेच राहू द्या, फक्त दिवसाउजेडी सरळ वरून फोटो घ्या. कुठे टाकणार असाल तर मुलांच्या पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलाचे पूर्ण नाव लिहू नका. दिसलेल्या पक्ष्यांची आणि झाडांची यादी त्याच संध्याकाळी सर्वांना पाठवा, आणि तिच्या खाली पुढच्या चतुर्थी-पंचमीजवळचा रविवार.