गावातल्या मित्रांसोबत रोम फिरायचं असंल तं

मागच्या मे महिन्यात आम्ही वरुड तालुक्यातले पाच मित्र रोमला जाऊन आलो, पाचही संत्रावाले, आणि आल्यापासून रोज कोणी ना कोणी विचारते की भाऊ कसं जमवलं, काय खाल्लं, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

आधी दिवस कसा लावायचा ते सांगतो, कारण आमचं तिथंच चुकलं होतं. उन्हाळ्यात आपण वावरात कसं करतो, दिवस निघायच्या आत कामाला लागतो, दुपारी झाडाखाली आडवं होतो आणि ऊन उतरलं की परत भिडतो, रोमही तसंच करायचं. तिथलं मेमधलं ऊन आपल्यासाठी काहीच नाही, पण दहानंतर गर्दी लय वाढते, रस्ते निरे दगडी फरशीचे त्यामुळे पाय दुखतात, आणि दुपारी तीन ते सात-साडेसात बऱ्याच हॉटेलांचं किचनच बंद राहते. सकाळी सातला निघा, एकच्या आसपास जेवा, रूमवर झोपा, पाचला परत बाहेर पडा. दिवसाला दोन मोठ्या जागा, बस. आम्ही पहिल्या दिवशी पाच ठेवल्या होत्या, तं तिसऱ्या जागेलाच चिडचिड सुरू झाली.

कोलोसियमचं तिकीट घरूनच ऑफिशियल साइटवर काढा, तिकिटावर नाव असते, पासपोर्ट जवळ ठेवा. त्याच तिकिटात बाजूचं रोमन फोरम आणि पॅलाटाइन टेकडी पाहता येते. कोलोसियम म्हणजे इ.स. ८० मध्ये सुरू झालेलं स्टेडियम, भिंतीला जागोजागी भोकं दिसतात, दगड जोडायला आत लोखंडाचे आकडे होते ते मध्ययुगात लोकांनी उकरून नेले त्याची ती भोकं. पँथिऑन म्हणजे जुनं रोमन देऊळ, तिथं २०२३ च्या जुलैपासून तिकीट आहे, सुरू झालं तेव्हा ५ युरो होतं, द्यायचंच. घुमट ४३ मीटरच्या वर रुंद, मधी लोखंडाची सळई नाही, वरचं गोल भोक उघडं. पाऊस सरळ आत येतो म्हटल्यावर आमचा एक मित्र खाली वाकून फरशीच पाहत बसला, फरशी मधातून थोडी फुगीर आहे आणि पाणी निघायला बारीक छिद्रं पाडलेली आहेत. शेततळं खोदलेल्या माणसाला ते लगेच समजते.

आता पाणी. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. शहरात अडीच हजाराच्या आसपास लोखंडी नळ आहेत, नाकासारखी तोटी म्हणून त्याला नासोने म्हणतात, १८७४ पासून बसवायला लागले, आणि पाणी चोवीस तास चालू, थंडगार. तोटीचं तोंड बोटानं दाबा, वरच्या छिद्रातून पाण्याची धार उडते, तोंड लावून पिता येते. पहिल्या नळापाशी आम्ही पाच जण दहा मिनिटं उभे होतो, आमच्याकडं बोअर हजार फूट नेऊनही कोरडा जातो आणि इथं भर रस्त्यात असं वाहते. ट्रेव्हीचा कारंजा १७६२ चा, पण त्यात येणारं पाणी इ.स.पू. १९ मध्ये बांधलेल्या कालव्याचं, तो कालवा नुसत्या उतारानं वाहते, दुरुस्त होत होत आजही चालू आहे. तिथं सकाळी सातच्या आत जा. लोकं नाणी टाकतात ती काढून गरिबांच्या मदतीला देतात, पाण्यात पाय घालू नका, दंड लागते.

जेवणाचं नीट ऐका, आमच्यात दोघं माळकरी होते. कार्बोनारा आणि अमात्रिचाना या दोन्ही पास्त्यांत डुकराचं मांस राहते, अमात्रिचाना तं लाल टमाट्याच्या रश्श्यासारखं दिसते म्हणून फसायला होते. 'सेन्झा कार्ने' म्हणजे बिना मांसाचं, एवढं पाठ करा. माळकऱ्यांसाठी सगळ्यात भरवशाचा मरिनारा पिझ्झा, टमाटा, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीज नाहीच. काचो ए पेपे म्हणजे चीज-मिऱ्याचा पास्ता, चव भारी, पण त्या पेकोरीनो चीजमध्ये कोकराच्या पोटातलं विरजण वापरतात, कडक पाळणाऱ्यानं सोडावा. दुपारी तुकडा पिझ्झा घ्या, कात्रीनं कापून वजनावर देतात, पाच जणांत पाच प्रकार वाटून खा. कॉफी उभ्यानं प्या, टेबलावर बसलं की बरेच जागी भाव वाढते. आणि घरून जवसाची चटणी न्या, मरिनारावर टाकून खाल्ली तेव्हा कोठं जेवल्यासारखं वाटलं.

मोठ्या वास्तूच्या अगदी समोर, फोटोवालं मेनूकार्ड घेऊन कोणी बोलावत असंल तं पुढं निघा, आम्ही बसलो आणि गार पास्त्याचे भरमसाट पैसे दिले. दोन-चार गल्ल्या आत घुसा, नाही तं संध्याकाळी नदीपलीकडं ट्रास्टेव्हेरेत जा. बिलात ब्रेडचे पैसे लावले असतात, ते पाहून घ्या.

पैशाचं असं करा, रोज सकाळी सगळ्यांनी सारखी कॉन्ट्री काढायची आणि एकाच जणाकडं द्यायची, जेवण-खाण सगळं त्यातून. फक्त मेट्रो-बसमध्ये टॅप करायला प्रत्येकाचं वेगळं बँक कार्ड लागते. गर्दीच्या बसमध्ये पाकीट पुढच्या खिशात ठेवा, आमच्या एकाचा मोबाइल गेला.

व्हॅटिकनला खांदे आणि गुडघे झाकलेले पायजे, हाफ पँट चालत नाही. म्युझियम रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. तिथल्या सेंट पीटर चर्चच्या घुमटावर ५५१ पायऱ्या, लिफ्ट घेतली तरी ३२० चढाव्याच लागतात, गुडघे दुखणाऱ्यानं खाली बसावं. व्हिसाला ३०,००० युरोचा विमा लागते, अर्ज सहा महिने आधीपासून करता येते, तं लवकर भरा.

एक संध्याकाळ मात्र अव्हेंटाइन टेकडीवरच्या संत्र्याच्या बगिच्यासाठी ठेवा. तिथून सेंट पीटरचा घुमट समोर दिसते आणि सूर्य त्याच बाजूनं उतरते. झाडं कडू संत्र्याची, खायची नाहीत. पण आमच्यातला सगळ्यात मोठा बागवाला झाडापाशी गेला, बुडाशी हात फिरवला, पान चुरगाळून वास घेतला आणि म्हणे, "डिंक्या नाही बे याले, कोण पाहते बाप्पा एवढं?" डिंक्या म्हणजे झाडाच्या खोडातून डिंक गळायचा रोग. मंग सूर्य बुडेपर्यंत तिथंच बसलो, आणि साडेआठला खाली जेवायला उतरलो.